पगारवाढीचे पेढे

आमच्या घरी पगारवाढीचे पेढे आले त्या संध्याकाळी कोणी जेवलं नाही.

वैशाली, म्हणजे माझी बायको, कंपनीच्या बसमधून उतरून आली, पेढ्यांचा बॉक्स ओट्यावर ठेवला आणि पाय न धुताच भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, कसले पेढे?

“वाढ झाली. बाहेरून मोठी ऑर्डर आलीय ना, मालक खूश आहेत. एप्रिलपासून सगळ्यांना.”

“तुला पण?”

“सगळ्यांना म्हटलं ना.”

“मग लिमिटच्या वर जातेस?”

तिनं मान हलवली. बायकोनं पगारवाढीची बातमी आणावी आणि नवऱ्यानं कपाळाला हात लावावा, असं अख्ख्या कोळसेवाडीत आमचं एकच घर असेल.

कारण मी आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडं केव्हाच बसली. एक दिवसाआड कल्याणच्या एका हॉस्पिटलात मला मशीनला जोडतात, अंगातलं रक्त बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात. या डायलिसिसचा खर्च ऐकला तर धडधाकट माणूसही अंथरूण धरेल. मला मात्र तो खर्च पडत नाही. वैशालीच्या पगारातून कामगार विम्याचा हप्ता कापला जातो आणि त्या विम्यावर नवऱ्याचेही उपचार होतात. फक्त पगार ठरावीक रेषेच्या खाली पाहिजे. रेषेच्या वर गेलात की सरकारच्या लेखी तुम्ही सुखी झालात. चालू सहामाही संपेपर्यंत विमा चालतो, पुढे काही महिने सवलत मिळते आणि मग कार्ड बंद होतं.

वैशालीचा पगार त्या रेषेच्या जेमतेम खाली होता आणि वाढीनं जेमतेम वर जाणार होता. महिन्याच्या वाढीव पैशात माझं एकदा रक्त धुऊन झालं असतं. उरलेला महिना मी काय करायचं, याचा विचार अर्थशास्त्रात कुठे केलेला असेल तर मला माहीत नाही.

दुसरे रस्ते नाहीत असं नाही. गोरगरिबांसाठी फुकटची मशीनं आहेत, मी जाऊन चौकशी करून आलो होतो. तिथल्या माणसानं माझं नाव लिहून घेतलं आणि अगदी चांगुलपणानं सांगितलं, “काका, मशीनं सगळी भरलेली आहेत. कोणीतरी कमी झाल्याशिवाय जागा होत नाही.” कमी होणं म्हणजे काय ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही. कंपनी रेषेच्या वरच्यांना खाजगी पॉलिसी काढून देते, पण ती पॉलिसी जुन्या आजाराला हात लावत नाही. थोडक्यात, मी आजारी नसतो तर त्यांनी माझ्यावर जरूर उपचार केले असते.

मी काही जन्मापासून घरी बसलेला नाही. आयटीआय करून कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होतो. देश खुला झाला, आता बाहेरचा माल येणार, बाहेरची कामं येणार, असं तेव्हा सगळे सांगत होते आणि आम्ही पोरं खूश होतो. बाहेरचा माल आला आणि आमचा पडून राहिला. पुढे मालकाला कळलं की कारखान्यात बनतं त्यापेक्षा कारखान्याखालच्या जमिनीला जास्त भाव आहे. आता तिथे टॉवर आहेत. माझं मशीन होतं त्या जागी म्हणे पोहायचा तलाव आहे. मला दिवसाला एक लहान बाटली पाणी प्यायची परवानगी आहे, चहा त्यातच धरायचा, त्यामुळे त्या तलावाचा विचार माझ्या डोक्यात जरा जास्तच येतो. टीव्हीवर सांगतात, अर्थव्यवस्था वाढते आहे. मी कधी खोटं म्हटलं नाही. वाढतेच आहे. वाढत वाढत ती आमच्या ओट्यापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी वैशाली कंपनीत एचआरच्या रुचिता मॅडमकडे गेली. मॅडम म्हणजे पंचविशीतली मुलगी, स्वभावानं चांगली. वैशालीनं तिला सांगितलं, मॅडम, माझी वाढ करू नका. रुचिताला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, पण भरल्या डोळ्यांनी काय होतं?

“ताई, मी तुमच्या एकटीचा पगार खाली ठेवू शकत नाही. अॅग्रीमेंट आहे. ऑडिटमध्ये मलाच विचारतील.”

“काहीच नाही का होणार?”

“वाढ सगळ्यांना आहे. फक्त ज्यांची ग्रेड पडेल त्यांना नाही. पण तुमची कशी पडेल? तुम्ही तर आमच्या टॉपच्या आहात.”

हे बोलताना त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. वैशालीच्या मनात मात्र ते जाऊन बसलं.

वैशालीचं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तिच्या कंपनीत इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं बनतात. सिस्टर सुई टोचून औषध ओढते ना, ते बूच. एखाद्या बुचाला चीर असते, एखाद्यात काळा कण असतो. ते शोधायला बायका दिव्याखाली ओळीनं बसतात आणि प्रत्येक बूच उलटसुलट करून बघतात. ज्या बाईनं बघितलं तिच्या रंगाचा चिमटा ट्रेला लावायचा. वैशालीचा चिमटा निळा. तपासलेले ट्रे काचेपलीकडच्या खोलीत जातात. तिथे सूरज नावाचा मुलगा प्रत्येकीच्या ट्रेमधून थोडी बुचं काढून पुन्हा तपासतो आणि त्यावर मार्क देतो. त्या मार्कांवरून ग्रेड ठरते. मग चिमटे काढून सगळ्यांचा माल एकाच पिंपात ओततात. एकदा पिंपात गेलं की कुठलं बूच कोणाच्या हातचं, ते देवालाही सांगता यायचं नाही, आणि देवावर तर आमचा विश्वासही नाही.

वैशाली त्या ओळीतली शेवटून दुसरी. शेवटची शकूताई. शकूताई नेतिवलीत राहते, आमच्याहून वयानं बरीच मोठी, आणि माझं दुखणं निघालं तेव्हा वैशालीला कंपनीत चिकटवली ती तिनंच. काम शिकवलंही तिनंच. पुढे वैशालीची नजर अशी बसली की बाकीच्या तिला एक्स-रे म्हणू लागल्या. घरी तांदूळ निवडायला घेतले तर ताट खाली ठेवायच्या आधी खडे बाजूला झालेले असतात. माझ्या चेहऱ्यावर सूज चढली की डॉक्टरच्या आधी तिला दिसते.

अशी बाई आता मुद्दाम वाईट काम करणार होती.

“एक-दोन खराब बुचं ट्रेमध्ये जाऊ देते,” ती मला म्हणाली. “सूरज पकडेल. मार्क कापले जातील, ग्रेड जाईल, वाढ थांबेल. नोकरी काय जाणार नाही त्याच्यावर. इतकी वर्षं झाली.”

“आणि त्यानं नाही पकडलं तर? ते कोणाच्या तरी औषधाच्या बाटलीवर बसणार.”

“पकडणार कसं नाही? कामच ते त्याचं.”

मी नको म्हटलं नाही. माणसाला जगायचं असतं, मग तो माझ्यासारखा निरुपयोगी का असेना.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली. काळा कण असलेलं बूच तिनं डोळ्यांनी बघितलं आणि ट्रेमध्ये सोडलं. मला म्हणाली, “कोणाच्या तरी ताटात थुंकल्यासारखं वाटलं हो.” मी तिला चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी सोडली. आठवडा गेला तरी मार्क कापले गेले नाहीत. बस शीळफाट्याला अडकली की ती मला फोन करायची आणि आजूबाजूला बायका असतात म्हणून इतकंच म्हणायची, “आज पण काही नाही.” मग तिनं हात सैल सोडला. चीर पडलेली, फुगलेली, कण असलेली, जी हातात येतील ती बुचं निळ्या चिमट्याखाली जाऊ लागली. महिनाअखेर ग्रेडचा कागद लागला. वैशाली पहिली होती.

आम्हाला कळेना. सूरजची नजर इतकी अधू आहे? की त्याला हिची दया येते?

कळलं ते फार उशिरा. ऑर्डरची घाई होती, काचेपलीकडच्या खोलीत ट्रेंचा ढीग साचत होता, आणि सूरजनं स्वतःपुरती एक सोय करून घेतली होती. बाकीच्यांचे ट्रे तो तपासायचा. निळा चिमटा दिसला की न बघताच बरोबरची खूण करायचा आणि ट्रे सरळ पिंपात ओतायचा. वैशालीच्या ट्रेमध्ये आजवर कधी काही सापडलेलं नव्हतं, मग वेळ कशाला घालवायचा? इकडे ती पकडलं जावं म्हणून चोरी करत होती आणि तिकडे चौकीदार तिच्याच नावावर झोपा काढत होता.

माल विमानानं परदेशी गेला आणि गिऱ्हाइकानं उघडून बघितल्यावर सगळाच्या सगळा परत पाठवला. मेलसोबत खराब बुचांचे मोठे मोठे फोटो आले. मॅनेजर साहेबांनी सगळ्या बायकांना जेवणाच्या खोलीत उभं केलं आणि फोटो भिंतीवर दाखवले. वैशालीनं त्यातली बुचं ओळखली. तिनं सोडलेलं प्रत्येक बूच तिच्या लक्षात होतं.

मालकांनी ऑर्डर वाचवण्यासाठी अर्ध्या भावात नवीन माल द्यायचं कबूल केलं आणि सगळ्यांची वाढ रद्द केली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. त्या दिवशी येताना बसमध्ये बायका रडत होत्या. कलावती नावाची एक आहे, तिनं वाढीच्या भरवशावर डोंबिवलीत थोरल्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश घेतला होता. ती संबंध प्रवासात खिडकीबाहेर बघत बसली, असं वैशाली म्हणाली.

आणि मला आनंद झाला. लपवून काय करू? वाढ रद्द म्हणजे कार्ड चालू. वैशालीनं मान खाली घालून ही बातमी सांगितली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी म्हटलं, “झालं ना एकदाचं?”

“नाही झालं,” ती म्हणाली. “साहेबांना कोणीतरी पाहिजे. शकूताईला काढलं.”

वैशालीवर संशय घ्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही. सूरजला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, मी सगळे ट्रे तपासलेत. निळे तपासले नव्हते, हे सांगितलं असतं तर तोच घरी गेला असता. मग राहिली शकूताई. तिला डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना सगळ्यांनी बघितलेलं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी विम्यातूनच नंबर लावलेला. साहेब तिला म्हणाले, मावशी, वय झालं तुमचं, घरी आराम करा. शकूताई एक शब्द उलट बोलली नाही. वैशाली बाजूलाच उभी होती. तीही बोलली नाही.

त्या रविवारपर्यंत आम्ही घरात एकमेकांशी धड बोललो नाही. बोललो तेव्हा भांडलो.

“मी जाऊन सांगते,” ती म्हणायची.

“सांग. तुला काढतील. तुला काढलं की विमा गेला. मग शकूताई परत कामावर जाईल आणि मी वर जाईन. हिशेब बरोबर बसतो.”

“असं बोलू नका.”

“मग कसं बोलू?”

मी फार वाईट बोललो त्या दिवसांत. मला भीती वाटत होती आणि भ्यालेला माणूस घरातल्यांवरच ओरडतो. वैशाली भांडी घासायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची.

रविवारी दुपारी दार वाजलं. शकूताई होती. जयभीम घालून आत आली, खुर्ची नको म्हणाली, खालीच बसली. हातात सफरचंदांची पिशवी होती. किडनीवाल्याला चालतात म्हणून कोणाला तरी विचारून आणलेली.

“कसं आहे भाऊ?”

“चाललंय,” मी म्हटलं. “तुम्ही उगाच त्रास घेतलात.”

“त्रास कसला? आता वेळच वेळ आहे.” ती हसली. मग वैशालीकडे वळली. “अगं, मी तुला विचारायला आलेली. तू बाजूला बसायचीस ना, तुला कधी वाटलं का गं, की माझं चुकतंय?”

वैशाली ओट्याजवळ उभी होती. पाठ आमच्याकडे.

“मी रोज घरी डाळ घेऊन बसते,” शकूताई म्हणाली. “सुनेला सांगते, मला न दाखवता खडे टाक त्याच्यात. मग मी वेचते. सगळे सापडतात गं. एक पण राहत नाही. मग ती बुचं कशी नाही दिसली? एवढी मोठी चीर, फोटोत तर आंधळ्याला पण दिसेल. मला काय झालेलं त्या दिवसांत तेच कळत नाही. सून म्हणते, आई, तुमचं डोकं चालत नसेल, डोळे नाही. आता गॅस पेटवायला पण देत नाही मला.”

वैशाली वळली नाही.

“तुझ्याकडं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती,” शकूताई म्हणाली. “माझ्यामुळं सगळ्यांची वाढ गेली. बाकीच्यांचं सोड, पण तुला भाऊंच्या दवाखान्याला झाले असते चार पैसे. माफ कर मला.”

मी आयुष्यात फार धाडस केलेलं नाही. कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांबरोबर घोषणा दिल्या आणि सगळ्यांबरोबर गप्प झालो. पण त्या बाईनं माझ्या घरी, माझ्यासाठी सफरचंदं आणून, माझ्या बायकोची माफी मागावी हे मला सहन झालं नाही. मला स्वतःचीच शिसारी आली.

“शकूताई,” मी म्हटलं, “तुमचे डोळे चांगले आहेत. डोकं पण चांगलं आहे.”

“अहो,” वैशाली म्हणाली.

मी थांबलो नाही. रेषा, विमा, ग्रेड, निळा चिमटा, सगळं सांगितलं. सांगताना मला धाप लागली. शकूताई माझ्याकडे बघत नव्हती. ती वैशालीच्या पाठीकडे बघत होती.

शेजारच्यांचा टीव्ही तेवढा चालू होता.

“मला साहेबानं उभी केली तेव्हा तू बाजूलाच होतीस,” शकूताई म्हणाली.

वैशालीनं मान हलवली.

“मी तुला शिकवलं, वैशाली. बूच कसं फिरवायचं, कण कसा बघायचा. ते तू असं वापरलंस?”

“ताई, मी काय करू? तुम्हीच सांगा. मी काय करू?” वैशाली खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी असं रडताना पाहिलं नव्हतं.

शकूताईनं तिला जवळ घेतलं नाही. उठताना गुडघ्यावर हात टेकवला, दाराशी जाऊन चपला घातल्या. मग म्हणाली, “मी कोणाला काही बोलणार नाही. पण माझ्या घरात मला वेडी समजतात. तुला काय करायचं ते तू कर.” सफरचंदांची पिशवी तिथेच राहिली.

सोमवारी सकाळी वैशालीनं नेहमीसारखी वेणी घातली. तिनं काही सांगितलं नाही, पण मला कळलं. तिला अडवावं असं मला वाटलं. पाय धरावे, असंही वाटलं. दारात गेली तेव्हा मी म्हटलं, “डबा घेतलास?” ती म्हणाली, घेतला. मग गेली.

मी हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर कार्ड दिलं तेव्हा माझं सगळं लक्ष त्या मुलीच्या चेहऱ्याकडे होतं, जणू वैशाली तिकडे बोलली की इकडे लगेच कळणार होतं. मुलीनं कार्ड परत केलं. चालू होतं.

दीप्ती सिस्टरनं मला मशीनला जोडलं. औषधाची बाटली उलटी धरून बुचात सुई खुपसली. मी ते राखाडी बूच बघत राहिलो. आमच्याकडचं असेल किंवा नसेलही. मी मनात म्हटलं, काही का होईना, आज सांगून टाकलं असेल तर बरं. लगेच दुसऱ्या मनानं म्हटलं, नसेल सांगितलं तर जास्त बरं. रक्त नळीतून जात होतं, येत होतं. मी आधी स्वतःच्या मरणाचा विचार केला, मग शकूताईच्या डाळीचा, मग पुन्हा मरणाचा. वैशालीची नोकरी गेली असणार, हे मी धरून चाललो होतो. उन्हाळाभर पुरेल इतकी तरी सवलत मिळेल का, इथपर्यंत मी आलो होतो.

दुपारी फोन वाजला. माझा एक हात सुयांनी बांधलेला आणि दुसऱ्याला मुंग्या आलेल्या, म्हणून सिस्टरनं फोन माझ्या कानाला धरला.

“सांगितलं,” वैशाली म्हणाली.

“मग? काढलं?”

“नाही हो. मानतच नाहीत.”

“म्हणजे?”

“साहेब म्हणाले, शकूमावशीनं तुम्हाला नोकरी लावलेली, मला माहितीय, म्हणून तिचं स्वतःवर घेताय. मी शपथा घेतल्या. कुठली बुचं सोडली ते फोटोवर बोट ठेवून सांगितलं. सूरजला बोलावलं त्यांनी. तो माझ्याकडं बघत पण नव्हता. म्हणाला, निळे ट्रे मी स्वतः तपासले, एक पण खराब नव्हता.”

“मग शकूताईचं?”

“तिच्या जागी नवीन मुलगी बसली पण. मलाच शिकवायला सांगितलंय.”

मागे मशीनांची घरघर ऐकू येत होती, तिच्याकडचीही आणि माझ्याकडचीही.

“ऐका ना,” ती म्हणाली. “साहेबांनी मालकांना फोन लावला. माझ्यासमोरच. म्हणाले, अशी माणसं आता मिळत नाहीत, दुसऱ्यासाठी नोकरी पणाला लावते ही बाई, हिला जपली पाहिजे. मग रुचिताला बोलावलं. बाकीच्यांची राहू दे, हिची वाढ लावून टाक म्हणाले. एप्रिलपासून.”

मी मशीनवरचा आकडा वाचत होतो.

“मी नको म्हटलं. विम्याचं पण सांगितलं. तर म्हणाले, कंपनीची पॉलिसी आहे ना, टेन्शन घेऊ नका. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, आनंदानं रडते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“बरं,” मी म्हटलं.

“रुचिता पण वाजवत होती. हळूहळू. तिचे डोळे भरलेले. अहो, ऐकताय ना?”

“ऐकतोय. तू जेव आधी. डबा खा.”

सिस्टरनं फोन माझ्या उशाशी ठेवला. फोन कानाला धरल्यामुळे तिला अर्धंमुर्धं ऐकू आलंच होतं. मशीनचा आकडा बघून तिनं कागदावर लिहिला आणि हसून म्हणाली, “काय काका, काकूंचा पगार वाढला वाटतं? पेढे पाहिजेत आम्हाला.”

“आणतो,” मी म्हटलं. “लवकरच आणायला पाहिजेत.”